न सांगता जेवणातून दारू सोडायची गोळी देणं: बरोबर की चूक?

निळीशाई:
नात्यातल्या एकीचा फोन आला, "ती जेवणात कालवायची गोळी असते ना, त्याला कळत पण नाही, तिचं नाव सांग." मी नाही म्हटलं तर बाई रुसली. म्हणून इथे लिहितेय, माझं मत स्पष्ट आहे, हे चूक आहे आणि शिवाय निरुपयोगी पण आहे.

गोळी म्हणजे डायसल्फिराम. दारू पोटात गेली की शरीरात तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग एक एन्झाइम त्याची विल्हेवाट लावतं. ही गोळी ते एन्झाइमच बंद पाडते. मग वर दारू प्यायली की तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, बीपी धाडकन खाली, आणि त्रास जास्तच झाला तर हार्टवर जाऊन माणूस दगावूही शकतो. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशाराच छापलेला असतो की पेशंट नशेत असताना किंवा त्याला पूर्ण कल्पना न देता हे कधीही देऊ नये. आणि जेवणात कालवणारे नेमकं हेच दोन्ही करतात!

रात्रपाळी:
ताई, वाचायला छान वाटतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. माझा भाऊ सकाळी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचा तरी अर्धं पाणी शर्टावर, आणि विचारलं तर "मला कसला प्रॉब्लेम, मी कधीही सोडू शकतो". अशा माणसाची परवानगी घेत बसायचं का? आईने दिली गोळी, मी आणून दिली, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. काही आठवडे तरी घर शांत होतं.

तिरकसतात्या:
आणि त्या काही आठवड्यांनंतर काय झालं तेही लिहा की.

रात्रपाळी:
लिहितो ना, लपवायचं काय त्यात. प्यायला की त्रास व्हायचा, त्याला वाटलं त्या ब्रँडमध्येच भेसळ आहे, म्हणून ब्रँड बदलला. मग कुठूनतरी कळलं. त्यानंतर आईच्या हातचं जेवण बंद. पण मी म्हणतो निदान प्रयत्न तरी केला आम्ही, बाकीचे नुसते सल्ले देतात.

निळीशाई:
दादा, तुमच्या आईवर मी बोट ठेवत नाहीये. पण ब्रँड बदलला हे तुम्हीच लिहिलंत ना, माझा मुद्दा अगदी तोच आहे. ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. तिचं खरं काम भीती घालणं. "मी सकाळी गोळी घेतलीय, आता प्यायलो तर मेलो" हे डोक्यात असतं म्हणून हात मागे येतो. ज्याला माहीतच नाही तो कशाला घाबरेल? अभ्यासांतही हेच दिसलंय, गोळी खरी की खोटी हे पेशंटपासून लपवलं तर फारसा फरक पडत नाही, उलट उघडपणे, रोज घरच्या माणसासमोर घेतली तर चांगला उपयोग होतो. म्हणजे आईने गोळी द्यावीच, फक्त त्याच्या हातात द्यावी.

कोरडाओढा:
मी स्वतः पिणारा होतो, आता पीत नाही, त्यामुळे जरा माझंही ऐका. मला दोघांचंही पटत नाही. रात्रपाळी, हात थरथरत होते म्हणता ना, ते गोळीपेक्षा सिरीयस आहे हो. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारू धरूनच चालायला शिकलेला असतो, ती अचानक तोडली की सगळं उसळतं, आधी कापरं आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास, बडबड, ताप, ज्याला डॉक्टर डीटी म्हणतात. त्यात माणूस जातो. चोरून गोळी दिली आणि त्रासाला घाबरून त्याने झटक्यात पिणं थांबवलं तर? घरी कुणाच्या लक्षात येणार? "बघ, सुटली" म्हणून सगळे खूश, आणि तो भिंतीवरचे किडे झटकतोय. हे डॉक्टरच्या नजरेखालीच उतरवायचं, ठरावीक दिवस हा त्रास आवरणाऱ्या गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिन देऊन.

आणि निळीशाई, तुम्ही भीतीवरच भर देताय. मला भीतीने नाही सोडवलं. मला दिली नॅल्ट्रेक्झोन, ती ओढ कमी करते, प्यायलो तरी ती मजाच येईना. (लिव्हर खराब असेल किंवा अफूच्या जातीची पेनकिलर चालू असेल तर मात्र ती घेण्याआधी डॉक्टरला सांगायचंच.) शिवाय दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला बसायला लागलो, तिथे कुणी उपदेश करत नाही हे मला सगळ्यात आवडलं.

तिरकसतात्या:
मीटिंग, गोळ्या, डॉक्टर. मनात आणलं तर सुटते, नाही आणलं तर देव आला तरी नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने एका दिवसात सोडली, कशाचीही गरज पडली नाही.

कोरडाओढा:
सोडतात ना काही जण, खोटं नाही. पण मनात तर मी रोज सकाळी आणायचो तात्या, संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही एवढंच.

रात्रपाळी:
हे सगळं तो डॉक्टरकडे गेला तर. तो येतच नाही त्याचं काय? यावर कुणी बोलत नाही.

निळीशाई:
बोलते. घरच्यांनाच शिकवायची एक पद्धत आहे, क्राफ्ट नावाची. तो शुद्धीत असेल तेव्हा बरोबर बसा, जेवा, गप्पा मारा, प्यायला असेल तेव्हा भांडू नका पण तिथून उठून जा, त्याने केलेला पसारा आवरू नका, ऑफिसला खोटे फोन करू नका, आणि तो स्वतःच वैतागलेला असेल ती वेळ पकडून उपचाराचं विचारा, अपॉइंटमेंट आधीच ठरवून ठेवलेली. १९९९ च्या एका अभ्यासात या पद्धतीने ६४ टक्के घरांतला पिणारा माणूस उपचाराला आला, घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के. मारहाण होत असेल तर मात्र हे काही नाही, आधी तुम्ही तिथून बाहेर पडा.

रात्रपाळी:
ऑफिसला फोन मीच करतो त्याच्या. नोकरी गेली तर घर कोण चालवणार? पसारा आवरू नका म्हणणं सोपं आहे ताई. अपॉइंटमेंट आधी घेऊन ठेवायचं तेवढं बघतो. सायकियाट्रिस्टचीच घ्यायची का साध्या डॉक्टरची?

कोरडाओढा:
सायकियाट्रिस्ट. पण हात थरथरतायत आणि आधी कधी फिट आली होती का हे फोनवरच सांगा, म्हणजे ॲडमिट करायचं का ते तेच ठरवतील. आणि तोवर त्याची दारू एकदम तोडू नका.