मदत हवी आहे: सॉफ्टवेअरवरचा शोधनिबंध पदोन्नतीसाठी धरतात का?

नमस्कार. आमच्या विभागातल्या एका मॅडमनी भूजल नोंदींच्या विश्लेषणासाठी पायथन पॅकेज लिहिलं. त्यावरचा निबंध 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर'मध्ये आला. कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेच्या) छाननीत समितीने तो बाजूला काढला: "एवढीशीच पानं? हा कसला शोधनिबंध?"

पानं कमी असतात, कारण तिथे मुख्यतः सॉफ्टवेअरच तपासतात. परीक्षक ते स्वतः इन्स्टॉल करून चालवतात, चाचण्या आणि सूचनापुस्तिका बघतात, चुका दाखवतात. ही सगळी चर्चा गिटहब या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. शुल्क नाही, डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो. एवढी कसून तपासणी नेहमीच्या निबंधांचीही क्वचितच होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

यूजीसी-केअर यादी (यूजीसीची मान्य नियतकालिकांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता नियतकालिकाचा दर्जा संस्थांनीच ठरवायचा. म्हणजे समितीला पटवून द्यायला वाव आहे.

तुमच्या कॉलेजात किंवा विद्यापीठात असा निबंध धरला गेलाय का? सोबत काय जोडलं होतं? परीक्षणाच्या चर्चेची प्रिंट चालली का? आयक्यूएसीने (संस्थेच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाने) स्वतःचे निकष लिहिले असतील तर मसुदा मिळेल का? मॅडमना लवकरच लेखी म्हणणं द्यायचं आहे.