राणोजी शिंदे आणि बाजीरावांचे जोडे : घडलेलं की रचलेलं?

लष्करवाला
ग्वाल्हेरातल्या मराठी घरांत ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. राणोजी शिंदे पहिल्या बाजीरावांचे जोडे सांभाळायला होते. एकदा शाहू महाराजांकडची भेट लांबली. बाजीराव बाहेर येऊन बघतात तर राणोजी गाढ झोपेत, पण जोडे छातीशी घट्ट धरलेले. पेशवे खूश झाले, माणूस चढत गेला आणि पुढे उज्जैनला ठाणं मांडून बसला.

माझ्या मते ही गोष्ट रचलेली आहे. राणोजी वारले १७४५ साली. गोष्ट आली माल्कम या कंपनी सरकारच्या साहेबाच्या माळव्यावरच्या पुस्तकात, १८२३ साली. तोवर ग्वाल्हेरच्या गादीवरच्या दौलतराव शिंद्यांना इंग्रजांनी पुरतं बांधून टाकलं होतं. हरलेल्याचं मूळ हलकं होतं हे सांगायला कुणाला आवडत नाही?

दौलतगंजकर
अहो, प्रत्येक वेळी इंग्रज कशाला? १७९२ साली राणोजींचे चिरंजीव महादजी पुण्याला गेले तेव्हा काय झालं ते आठवा. बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची, वस्त्रं आणली होती. उत्तरेत, थेट दिल्लीत, महादजींच्या शब्दाला मान. आणि हा माणूस हत्तीवरून लांबच उतरला, सगळ्या सरदारांच्या खालच्या बाजूला जाऊन बसला. सवाई माधवराव पेशव्यांनी बोलावलं तर काखेतलं गाठोडं सोडून नवे जोडे पुढे ठेवले, जुने बांधून घेतले, आणि म्हणाला हेच आमचं वडिलोपार्जित काम. आता यात इंग्रजांनी काय हलकं दाखवलं?

लष्करवाला
तो प्रसंगही ग्रँट डफच्या पुस्तकातूनच सगळीकडे गेला. १८२६. पुन्हा साहेबच.

दौलतगंजकर
डफ साताऱ्याचा रेसिडेंट होता, माल्कम महूच्या छावणीत. १७९२ पाहिलेली माणसं तेव्हा जिवंत होती की!

शिंदेछावणीची
मला वेगळाच प्रश्न पडतो. शिंदे म्हणजे कण्हेरखेडचे पाटील. शाहू महाराज औरंगजेबाच्या कैदेत असताना त्यांचं लग्न याच घराण्यातल्या मुलीशी झालं. ज्या घरची लेक छत्रपतींना दिली, त्या घरचा मुलगा पेशव्यांचे जोडे उचलणार? पटत नाही. मला तर वाटतं, महादजींनीच ही गोष्ट पुढे आणली. ते धूर्त होते हो, चांगल्या अर्थाने म्हणते. आपण फक्त ‘पाटील’, असं सांगत राहायचं आणि सगळ्यांना हलवायचं. नाना फडणवीसांना त्या नम्रतेची धास्ती वाटत होती, ती उगाच नव्हे.

बाड्यावरचा म्हातारा
ताई, पाटीलकीचं कौतुक जरा जपून. वतनाला भाऊबंद खूप असतात आणि घराणं पडत्या काळात असलं की धाकट्या फांदीच्या पोराला मिळेल ती चाकरी धरावी लागते. कुणी बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार होतो, कुणी हुजऱ्या. आणि हुजऱ्याची चाकरी आजच्या नजरेने बघू नका. धन्याच्या दाराशी उभा असलेला माणूस आत कोण गेलं, कोण बाहेर आलं, कोण चिडलेलं होतं, हे सगळं बघतो. सदरेवर बसलेल्या मानकऱ्यापेक्षा त्याची ओळख लवकर होते. लग्नसंबंध आणि जोडे, दोन्ही खरं असू शकतं.

शिवाय या घराण्याची रीतच बघा. पानिपतावर महादजींच्या पायाला जबर जखम झाली, तिथून त्यांना काढलं राणेखान नावाच्या भिश्त्याने. महादजींनी त्याला भाऊ मानलं, मोठा सरदार केला. राणेखान कुणा साहेबाच्या कल्पनेतला नाही, त्याच्या मोहिमा इतिहासात आहेत. ज्याने भिश्त्याला सेनानी केलं, त्याला बापाचे जोडे लपवावेसे वाटले नसते. उलट मिरवावेसेच वाटले असते!

लष्करवाला
काका, राणेखानावरून राणोजी सिद्ध होत नाहीत. उलट अशा गोष्टी या घराण्यात लोकप्रिय होत्या एवढंच कळतं. होळकरांकडे मल्हाररावांवर नागाने फणा धरला, तेही आपण मान डोलवत ऐकतो.

शिंदेछावणीची
नाग आणि जोडे एका मापात नकोत. नाग सांगतो की हा जन्मतःच राजा होणार होता. जोडे सांगतात की नव्हता, कामाने झाला. स्वतःचं मूळ बनवायला बसलेलं घराणं जोडे कशाला निवडेल?

दौलतगंजकर
महादजींना गरज होती म्हणून! पानिपतनंतर सरदारकी त्यांच्या हातात आयती पडली नाही, घरातच भांडावं लागलं. ‘बापाचं काम करतो’ म्हणणं म्हणजे राणोजींचा खरा वारस मीच, हे सांगणं.

शिंदेछावणीची
१७९२ ला? तोवर वारसाचा प्रश्न विचारायला समोर उरलं कोण होतं?

बाड्यावरचा म्हातारा
एक नक्की, महादजींनी जोडे ठेवले तेव्हा दरबारात कुणीही ‘हे कसलं सोंग’ म्हणून हसलं नाही. पुण्यातली जुनी मंडळी राणोजींना ओळखणाऱ्यांची मुलं-नातवंडं होती. पूर्ण खोटं तिथे खपलं नसतं.

लष्करवाला
वकील-इ-मुतलकीची वस्त्रं घेऊन आलेल्या, फौज बाहेर उभी असलेल्या माणसाला हसणार कोण, काका? राणोजींच्या हयातीतला एखादा कागद दाखवा, मी लगेच मानतो.