एकाच राशीचं रोजचं भविष्य लिहायला कसं शिकावं? (वृश्चिक)

शिकाऊ, दारव्हा

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातलं एक साप्ताहिक रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर दुसऱ्या दिवसाचं राशिभविष्य देणार आहे. बारा राशी बारा जणांत वाटल्या, माझ्याकडे वृश्चिक आली. पंचांग वाचता येतं, बारा स्थानं पाठ आहेत. पण चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, मग दुसऱ्या दिवशी नवीन काय लिहायचं? वाचणारे बहुतेक कापूस-सोयाबीनवाले, काही दुकानदार, काही पोरं भरतीच्या तयारीतली. किती लिहावं, कुठून सुरुवात करावी आणि काय टाळावं, नेमकं सांगा.

पंचांग-गणित, अकोला

भाऊ, लिहिण्याआधी पंचांग पक्कं करा. दाते किंवा दुसरं कोणतंही चित्रापक्षाचं (चित्रा तारा धरून राशी मोजणारं) घ्या आणि वर्षभर तेच ठेवा. टिळक पंचांगाचा अयनांश (राशिचक्राची सुरुवात किती अंश सरकवायची तो आकडा) सुमारे चार अंशांनी वेगळा आहे, त्यामुळे चंद्राचा राशिबदल सात-आठ तास पुढेमागे होतो. मोबाइलच्या ॲपात चुकून सायन (अयनांश वजा न करणारी, पाश्चात्त्य) पद्धत राहिली तर पावणेदोन-दोन दिवसांचा घोटाळा होतो आणि सगळं लिखाण दुसऱ्याच राशीचं ठरतं. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ २५.४० अशी छापतात. ती दुसऱ्या तारखेच्या रात्रीची १.४० समजायची. इथे नवखा हमखास एक दिवस चुकतो.

चंद्राची राशी बदलण्याची वेळ भारतभर घड्याळात एकच असते. सूर्योदय मात्र यवतमाळला मुंबईपेक्षा साधारण वीस मिनिटं आधी होतो, गोंदियाला अर्ध्या तासाच्या आसपास. म्हणून मुंबईच्या सूर्योदयावर काढलेला राहुकाळ जसाच्या तसा उतरवू नका.

आता वृश्चिकेचा तक्ता एकदाच करून भिंतीला लावा. चंद्र वृश्चिकेत म्हणजे पहिला, धनूत दुसरा, मकरेत तिसरा, असं तुळेपर्यंत बारा. गोचरीत (ग्रहांच्या चालू भ्रमणात) १, ३, ६, ७, १०, ११ हे चांगले. म्हणजे वृश्चिकेला चंद्र वृश्चिक, मकर, मेष, वृषभ, सिंह आणि कन्येत असताना दिवस अनुकूल. कुंभेचा चौथा, मिथुनेचा आठवा आणि तुळेचा बारावा त्रासाचा. धनु, मीन, कर्क मध्यम. शुक्ल पक्षात त्यांना जरा चढतं माप द्या. वेधही, म्हणजे ठरावीक दुसऱ्या स्थानातल्या ग्रहाचा अडथळा, बघावा लागतो: मकरेच्या तिसऱ्या चंद्राला नवव्या स्थानाचा, म्हणजे कर्केतल्या ग्रहाचा वेध होतो (बुध सोडून). वेध असेल त्या दिवशी "काम होईल" ऐवजी "काम सुरू होईल, तडीला उशीर" इतकंच लिहा.

दुसऱ्या दिवशी काय लिहायचं, याचं उत्तर नक्षत्रात आहे. राशी तीच असली तरी नक्षत्र जवळपास रोज बदलतं. चंद्र मकरेत आहे असं धरा. पहिल्या टप्प्यात उत्तराषाढा, मग श्रवण, मग धनिष्ठा. जन्मनक्षत्रापासून त्या दिवसाचं नक्षत्र कितवं, त्याला तारा म्हणतात. वृश्चिकेतल्या अनुराधेपासून मोजलं तर उत्तराषाढा पाचवी, प्रत्यरी तारा, चांगली नाही. श्रवण सहावा, साधक. धनिष्ठा सातवी, वध. म्हणजे चंद्र तिसरा आणि शुभ असूनही अनुराधेच्या माणसाला मधला श्रवणाचा काळच खरा कामाचा. नऊच्या पुढे गेलं की पुन्हा एकपासून मोजायचं. ३, ५, ७ टाळायच्या. यातून तीन दिवसांचे तीन वेगळे मजकूर आपसूक निघतात.

मंद ग्रह रोज उगाळू नका. शनी २९ मार्च २०२५ ला मीनेत गेला, तेव्हाच वृश्चिकेची अडीचकी (चौथ्या शनीची अडीच वर्षं) संपली. तरीही "साडेसातीमुळे त्रास" असं वृश्चिकेखाली लिहिलेलं दिसतं, ते साफ चूक. शनी मीनेत असताना साडेसाती कुंभ, मीन आणि मेषेला असते.

ग्रामीण डेस्क, अमरावती

काकांनी गणित सांगितलं, मी लिहिण्याचं सांगते. ४५ ते ५५ शब्द, जास्तीत जास्त पाच वाक्यं. पानठेल्यावर एक जण मोठ्यानं वाचतो आणि चार जण ऐकतात, म्हणून वाक्य एका दमात वाचता आलं पाहिजे. दिवस कसा ते आधी, मग वेळ, मग करण्याजोगं एक काम, शेवटी टाळण्याजोगी एकच गोष्ट. "सावध राहा, वाद टाळा, प्रकृती सांभाळा, खर्च जपा" असं चारही बाजूंनी सावध केलं की वाचणारा काहीच करत नाही.

वेळेत हयगय नको. चंद्र दुपारी २.२० ला मकरेतून कुंभेत जात असेल तर दिवसाचे दोन तुकडे करा. तिसऱ्या स्थानाची कामं, म्हणजे भावाशी वाटणीचं बोलणं, फोन, अर्ज, जवळचा प्रवास दुपारपर्यंत. घर, आई, जमीन, गाडी हे चौथ्याचे विषय दुपारनंतर उकरू नयेत. बदल रात्री दहानंतर असेल तर तो उद्यावर टाका. सकाळी सातच्या आत असेल तर पूर्ण दिवस नव्या राशीचा धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "कापसाला भाव मिळेल", "पाऊस पडेल" हे कधीच लिहू नका, शिकाऊ भाऊ. बाजार समितीत वृश्चिकेचा आणि मेषेचा शेतकरी एकाच रांगेत उभा असतो, दोघांनाही भाव तोच मिळतो. आपण माणसाच्या करणीबद्दल लिहितो: आज बोलणी करावी की थांबावं, जामीन राहावं की नाही, कागद आज द्यावा की परवा. पावसाच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. मृग लागला, आर्द्रा लागली हे सूर्याचं नक्षत्र, तेरा-चौदा दिवस चालणारं. सदरातलं रोजचं नक्षत्र चंद्राचं. दोन्ही एकाच ओळीत आली की वाचक पेरणीचा अर्थ काढतो, आणि बियाणं त्याचं जातं.

हंगामाची कामं मात्र नावानिशी येऊ द्या. सहावा चंद्र म्हणजे ऋण, स्पर्धा, नोकर-मजूर. जुलैत तिथे "डवरणीची मजुरी आधी ठरवून घ्या" असं लिहिता येतं, नोव्हेंबरात "वेचणीच्या बायांचा हिशेब आजच मिटवा", भरतीवाल्या पोरांना "सराव परीक्षा आजच द्या". स्थान तेच, काम बदललं.

इंग्रजी सदरांचं भाषांतर करू नका. ती सूर्यराशीवर असतात. तिकडचा सूर्य २३-२४ ऑक्टोबरला वृश्चिकेत येतो, आपल्या निरयन (अयनांश वजा करणाऱ्या) पंचांगात १६ नोव्हेंबरच्या सुमारास. शिवाय आपलं भविष्य मुळातच चंद्रराशीचं. आणि ताईत, अंगठी, यंत्रानं आजार बरा होईल अशी ओळ किंवा जाहिरात सदराला जोडू देऊ नका. तशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे.

ज्योतिष वर्ग, वर्धा

पंचांग-गणितवाल्यांशी एका बाबतीत मतभेद आहे. तारा फक्त अनुराधेवरून काढली तर विशाखा आणि ज्येष्ठावाल्यांवर अन्याय होतो. त्यांच्याच उदाहरणातला श्रवण घ्या: अनुराधेला साधक, पण ज्येष्ठेला प्रत्यरी आणि विशाखेला वध. एकाच मजकुरात तिघांना "आज काम करा" म्हणणं चूक आहे. मुख्य मजकूर चंद्राच्या स्थानावरून लिहा आणि तारेचा उल्लेख शेवटच्या एका ओळीत नक्षत्राच्या नावानं करा.

गावात पुष्कळांना जन्मवेळ ठाऊक नसते, ते नावावरून रास धरतात. म्हणून सदराच्या माथ्यावर अक्षरं रोज छापा: तो (विशाखा चौथा चरण), ना नी नू ने (अनुराधा), नो या यी यू (ज्येष्ठा). हे नसलं की घोळ होतो. यादव वृश्चिकेचा, पण योगेश धनूचा, कारण ये-यो मूळ नक्षत्राची अक्षरं. "तो" हे अक्षर वृश्चिकेत, पण ती-तू-ते तुळेत. तुकाराम नावाचा माणूस वृश्चिक वाचत बसला तर त्याचं रोजचं वाचन वाया.

शिकाऊ, दारव्हा

मंडळी, सगळं उतरवून घेतलं. चंद्र मिथुनेत, आर्द्रा नक्षत्र, असा दिवस धरून नमुना लिहिला, तपासून द्या:

"आज अष्टम चंद्र. अपघातभय, विषबाधा व सर्पदंशाचा धोका. शेतात जाऊ नये. आर्थिक फटका बसेल. शत्रू डोके वर काढतील."

ग्रामीण डेस्क, अमरावती

भाऊ, स्थान बरोबर आहे, मजकूर पाठवू नका. पावसाळ्यात साप बाराही राशींच्या बांधावर असतो. डवरणी तोंडावर असताना "शेतात जाऊ नये" ही सूचना कोणी पाळूच शकत नाही. ज्याला जावंच लागतं तो दिवसभर धसका घेऊन फिरतो. कर्जानं आधीच खचलेला माणूसही हे वाचतो, त्याच्यासमोर "आर्थिक फटका बसेल" असा निकाल ठेवायचा नाही. आठव्या चंद्राचा मूळ अर्थ अडथळा, उशीर, मनाची घालमेल. तेवढंच घ्या आणि तो कधी सुटतो ते सांगा.

ज्योतिष वर्ग, वर्धा

ताराही धरा. आर्द्रा अनुराधेपासून मोजली तर सतरावी, नऊ वजा जाता आठवी, मित्र. विशाखेपासून परममित्र. ज्येष्ठेपासून सोळावी, म्हणजे सातवी, वध. त्यामुळे जास्त जपायचं ते फक्त ज्येष्ठावाल्यांनी. आठवा चंद्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आहे असं धरलं तर मजकूर असा होईल:

"वृश्चिक (तो, ना, नी, नू, ने, नो, या, यी, यू): आज कामं सावकाश होतील, मनावर घेऊ नका. रोजची कामं नेहमीसारखी करा. कोणाला जामीन राहणं, जमिनीचा करार, मोठी उधारी उद्या दुपारनंतर बघा, तेव्हा चंद्र कर्केत जातो. मनात काही खुपत असेल तर घरच्यांशी बोला. ज्येष्ठा नक्षत्राच्यांनी सही करण्याआधी कागद दोनदा वाचावा."