चार हजारांचा व्हायोलिन सेट: घ्यावा की नको?

सायली_का: मुलगी आठ वर्षांची. हिंदुस्थानी व्हायोलिनचा क्लास नुकताच लावलाय. ऑनलाइन चार हजारांत व्हायोलिन, गज, रोझिन (गजाला घासायची राळ), बॅग सगळं मिळतंय. सर म्हणतात, दहा हजारांच्या खाली बघूच नका. मला पटत नाही. पोरं लवकर कंटाळतात हो!

खर्ज: कंटाळतात ती अशाच सेटमुळे. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, नीट घासलेली नसते, तारा उंच राहतात, दाबताना बोटं दुखतात. घोडीला वरून गोलाई कमी असली तर एक तार वाजवताना शेजारचीही वाजते. पोरीला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

नाट्यपदवेडा: जरा दमानं घ्या. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. दुरुस्तीवाल्याकडून घासून घ्या, बऱ्या तारा चढवा, काम झालं. शिवाय आत्ता बहुधा अर्ध्या मापाचं लागेल, मग पाऊण, मग पूर्ण. वाढत्या पायाला महागडे बूट कोण घेतं?

खर्ज: आणि खुंट्या? आपण तारा सा-प मध्ये लावतो. हलक्या खुंट्या पावसाळ्यात फुगून अडकतात, कोरड्या हवेत सटकतात. अर्धा क्लास सूर लावण्यातच.

नाट्यपदवेडा: चारही तारांना फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारीक जुळवायचे छोटे स्क्रू, बसवा. खुंटी सटकली तर खडू, अडकली तर थोडा साबण. जुनेच उपाय आहेत.

मींडखोर: दोघंही गजाबद्दल गप्प! सेटमधला गज बाजूला ठेवा, खरे पैसे तिथे घाला. व्हायोलिनवादक पं. डी. के. दातारांची गायकी अंगाची, म्हणजे गाण्यासारखी, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ऐकली असेल तर कळेल, एका गजात किती लांब सूर ओढायचा असतो. हलक्या लाकडी गजापेक्षा फायबरग्लास बरा, परवडला तर कार्बन फायबर. उंची गजांचं पर्नांबुको विसरा, ते लाकूड 2007 पासून साइटीसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. घेताना एका टोकाकडून डोळा लावून बघा, काडी आडवी वाकलेली नको. गजाचे केस ताणल्यावरही काडीची कमान केसांकडेच झुकलेली हवी. वाजवून झालं की केस सैल करायचे, हे मुलीला पहिल्याच दिवशी शिकवा.

सायली_का: आणि सेकंडहँड?

मींडखोर: उत्तम. क्लासमध्येच विचारा, मोठ्या झालेल्या मुलांची लहान मापं घरोघरी पडून असतात.

खर्ज: याला माझी हरकत नाही. फक्त आत डोकावून साउंडपोस्ट, म्हणजे घोडीखालचा आतला लाकडी खांब, उभा आहे का बघा. पडला असेल तर तारा ताणू नका, पोट, म्हणजे वरची फळी, दबेल. चार हजारांच्या सेटला मात्र माझा नकारच.

नाट्यपदवेडा: मग दुरुस्तीवाल्याकडे जावं लागलंच की तुमच्याही व्हायोलिनला!