‘त्स्वेर्शहाउ’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा : जर्मन दुहाती तलवारीच्या जुन्या विद्येवर मराठीत एक टिपण लिहीत आहे. योहानेस लिश्टेनाउअर या गुरूच्या परंपरेत पाच खास वार सांगितले आहेत : त्सोर्नहाउ, क्रुम्पहाउ, त्स्वेर्शहाउ, शीलहाउ आणि शाइटेलहाउ. क्रोधाचा, वाकडा, तिरळा आणि माथ्यावरचा असे चार शब्द सहज सुचले. अडले ते तिसऱ्यापाशी. ‘क्षैतिज छेद’ लिहून पाहिले, पण ते भूमितीच्या पुस्तकातले वाटते. ‘आडवा हात’ अधिक मराठी आहे, मात्र ‘आडवा हात मारला’ असे लिहिताच वाचकाला तलवारीऐवजी श्रीखंडाचे पातेले दिसेल. जाणकारांनी सुचवावे.

प्रतिसाद : आधी ‘छेद’ काढून टाकावा, कारण तो नुसता रुक्ष नाही तर चुकीचा आहे. या परंपरेत शस्त्राने इजा करण्याचे तीन प्रकार वेगळे मानले आहेत : ‘हाउ’ म्हणजे हाणलेला वार, ‘श्टिश’ म्हणजे टोकाने भोसकणे, आणि ‘श्निट’ म्हणजे धार अंगावर टेकवून दाबत ओढणे, अर्थात चिरणे. छेद, काप, चीर हे सगळे शब्द तिसऱ्या प्रकारासाठी राखून ठेवले पाहिजेत. ‘हाउ’साठी ‘वार’ किंवा ‘घाव’ हेच योग्य. त्यातही ‘घाव’ हा शब्द जखमेसाठीही वापरला जात असल्याने मी ‘वार’ पसंत करीन. ‘आडवार’ असा जोडशब्द मात्र करू नये; ‘आडवारी’ म्हटले की सणवार नसलेला दिवस आठवतो.

प्रतिसाद : उच्चाराविषयी थोडे. जर्मन ‘त्स’ मराठी माणसाला नवा नाही, तो ‘चाक’ आणि ‘चोर’ या शब्दांतला च आहे. शेवटचा ध्वनी श आणि ह यांच्या मधला असल्याने ‘त्स्वेर्श’ हे लेखन कामचलाऊ समजावे. जुन्या हस्तलिखितांत ‘त्वेर’ असेही रूप आढळते, आणि आजच्या जर्मनमधला ‘क्वेर’, म्हणजे आडवा, हा त्याच मुळाचा शब्द आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये जो पडदा असतो त्याला जर्मनमध्ये ‘त्स्वेर्शफेल’ म्हणतात. तेथे ‘त्स्वेर्श’चा अर्थ मध्ये आडवा पसरलेला असा आहे.

विचारणा : बुटका या अर्थाच्या ‘त्स्वेर्ग’ या शब्दाशी याचा संबंध आहे काय? ‘बुटक्याचा वार’ असे भाषांतर मी एके ठिकाणी वाचले होते.

प्रतिसाद : संबंध नाही, नुसते ध्वनिसाम्य आहे. शिवाय हा वार उंचावर केला जातो, त्यामुळे बुटकेपणा अर्थानेही बसत नाही.

प्रतिसाद : शब्द ठरवण्यापूर्वी हा वार प्रत्यक्ष कसा होतो हे पाहिले पाहिजे. रोममध्ये जतन केलेल्या, 1452 साल घातलेल्या हस्तलिखितात त्याची रीत नीट दिली आहे. प्रतिस्पर्धी वरून डोक्यावर वार घालतो, तेव्हा आपण उजवा पाय टाकत उजव्या अंगाला झेप घ्यायची, झेपेतच तलवार अशी फिरवायची की मूठ आपल्या डोक्यासमोर उंच येईल आणि अंगठा पात्याच्या खाली जाईल, आणि आखूड धारेने त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूवर हाणायचे. त्याचे पाते आपल्या मुठीजवळच्या भागावर अडते आणि त्याच क्षणी आपले पाते त्याच्या डोक्याशी पोहोचते. आधी अडवा आणि मग मारा, असे दोन टप्पे येथे नाहीत. मूळ सूत्रात म्हटले आहे की ‘त्वेर’ वार हा ‘टाग’कडून येणारे हिरावून घेतो. ‘टाग’ म्हणजे दिवस. पण येथे त्याचा अर्थ वरची बाजू असा घेतात, कारण तलवार खांद्यावर किंवा डोक्यावर उचलून धरण्याच्या पवित्र्याचे नावच ‘फोम टाग’ आहे. म्हणजे या वाराचे मुख्य काम वरून येणाऱ्या वाराच्या वाटेत येणे हे आहे. पाते जमिनीला काटेकोर समांतर फिरले की नाही, ही दुय्यम गोष्ट. सराव करणाऱ्यांमध्ये त्या कोनावरून पुष्कळ वाद होतात, पण सूत्राचा रोख कोनावर नाही, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : मग ‘आडवा’ यापेक्षा नेमका शब्द शोधायला नको. उभ्याच्या विरुद्ध तो आडवा, आणि वाटेत येणारा तोही आडवा. मांजर आडवे जाते ते काही जमिनीवर लोळत जात नाही. ‘क्षैतिज’ किंवा ‘अनुप्रस्थ’ लिहिले तर पहिला अर्थ उरतो आणि दुसरा, म्हणजे या वाराचा जीव असलेला अर्थ, गळून पडतो. ‘आडवा वार’ असेच लिहावे.

प्रतिसाद : एक अडचण नोंदवतो. योआखिम मायर यांनी 1570 साली छापलेल्या ग्रंथात ‘मिटेलहाउ’ नावाचा आणखी एक वार आहे, आणि तो खरोखरच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरळ आडवा जातो. त्यालाही ‘आडवा वार’ म्हटले तर घोटाळा होईल. ‘मिटेल’ म्हणजे मधला, म्हणून त्याला ‘मधला वार’ म्हणावे आणि ‘आडवा’ हा शब्द त्स्वेर्शहाउसाठीच ठेवावा. दोन्ही वार एकाच टिपणात येणार असतील तर पहिल्या उल्लेखात जर्मन नाव देवनागरीत द्यावे.

विचारणा : हे पटले, ‘आडवा वार’ नक्की करतो. आता शेवटची शंका. वर ‘आखूड धार’ असे आले आहे. दुधारी पात्याच्या दोन्ही धारा सारख्याच लांबीच्या असताना एक आखूड कशी?

प्रतिसाद : लांबीचा तेथे संबंध नाही. तलवार सरळ समोर धरली असता बोटांच्या पेरांच्या बाजूची, प्रतिस्पर्ध्याकडे वळलेली धार ती लांब, आणि आपल्याकडे वळलेली ती आखूड. आपल्याकडच्या वाकड्या, एकधारी तलवारीला मागच्या बाजूस पाठ असते, म्हणून या दुसऱ्या धारेला मराठीत रुळलेला शब्द नसावा. मी ‘सुलटी धार’ आणि ‘उलटी धार’ असे लिहीन. आडवा वार उजवीकडून केला तर उलटी धार लागते. तोच डावीकडून केला तर सुलटी लागते आणि अंगठा मात्र पात्याखालीच राहतो. हा फरक टिपणात अवश्य द्यावा, नाहीतर वाचून सराव करणारा डाव्या बाजूलाही उलटीच धार लावू पाहील आणि मनगट मुरगळून घेईल.