कुणबी साडीच्या चौकड्यांवर भलतेच रंग, ऑर्गॅनिक सेन्सरची वाट बघू का?

फोटूवालो:
शिगमोच्या (गोव्यातला शिमगा) मिरवणुकीत फोटो काढले मडगावात, तर लांबून घेतलेल्यांत कुणबी साडीच्या बारीक चौकड्यांवर हिरवे-जांभळे पट्टे आलेत, साडीत तसला रंगच नाही. फोकस बरोबर आहे. वाचलं की ठराविक रंगच पकडणारे ऑर्गॅनिक (कार्बनी रेणूंचे) सेन्सर येताहेत, फिल्टर नको नि हा त्रासही नको. खरं काय? नवीन कॅमेरा बॉडी घेणारच होतो, थांबू?

फोंडेकार:
मॉयरे तो, बारीक नक्षी आणि पिक्सेलांची जाळी जुळली नाही की दिसणारे खोटे पट्टे. नेहमीच्या सेन्सरातल्या सिलिकॉनला रंग कळत नाही रे, निळ्यापासून ११०० नॅनोमीटरपर्यंत (डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्तापर्यंत) सगळंच खातं, म्हणून पिक्सेलवर लाल, हिरवा, निळा फिल्टर लावतात, चारातले दोन हिरवे, कोडॅकच्या ब्राइस बायरचं १९७६ चं पेटंट. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग मिळतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात, चौकडी पिक्सेलएवढी बारीक झाली की अंदाज गंडतो. वर साधारण दोन तृतीयांश उजेड फिल्टरातच जातो.

लॅबवाली:
ऑर्गॅनिकमध्ये रेणूच असा निवडायचा की हिरवा तेवढा शोषेल आणि लाल-निळा खाली जाऊ देईल, मग थर एकावर एक रचले की एकाच जागी तिन्ही रंग. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने असे तीन थर रचून दाखवलेत, सॅमसंगने वर हिरव्याचा ऑर्गॅनिक थर आणि खाली सिलिकॉन असं केलं. पण फुजीफिल्म-पॅनासोनिकचा २०१३ चा सेन्सर बघ, ऑर्गॅनिक थर फक्त ०.५ मायक्रॉनचा, ६० अंश तिरका उजेडही घ्यायचा, तरी त्यावर रंगाचे फिल्टर होतेच! नुसतं ऑर्गॅनिक वाचून हुरळू नकोस.
खरी डोकेदुखी वेगळीच. उजेड पडला तरी इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी, धन जागा) एकमेकांना चिकटूनच राहतात, सोडवायला दुसरा पदार्थ मिसळावा लागतो, आणि तो मेला स्वतःही कुठलातरी रंग शोषतो, मग फक्त हिरवा पकडणारा थर निळाही पकडायला लागतो. शिवाय अंधारातही थोडा करंट वाहतो, तो नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे.

दोनापावला_७७:
आणि आपला पावसाळा? इथं लेन्सला बुरशी येते, ऑर्गॅनिक काय टिकणार

लॅबवाली:
ओलावा आणि ऑक्सिजन त्याला सोसत नाही हे खरंच, पण ओलेड स्क्रीनही ऑर्गॅनिकच ना, सीलबंद असते म्हणून चालते. मला उष्णतेची जास्त काळजी वाटते, सेन्सर बोर्डावर बसवताना सोल्डरिंगला तापमान २६० अंशांपर्यंत जातं.

फोटूवालो:
म्हणजे दुकानात नाही मिळायचा. सेकंडहँड फोव्हिऑन सेन्सरवाला (सिग्माचा) कॅमेरा घेऊ? त्यातही थरच ना

फोंडेकार:
थर सिलिकॉनचेच, निळा वर शोषला जातो, लाल खोल जातो, पण रंगांची सरमिसळ होते आणि आयएसओ (कमी उजेडासाठी वाढवायची सेटिंग) चढवला की नॉइज. चित्ररथ रात्रीचे असतात, नको घेऊस. आणि थरांनी रंगीत पट्टे जातील, बिनरंगी मॉयरे तरीही येऊ शकतो. साधी बॉडी घे, साडीवर पट्टे दिसले तर दोन पावलं पुढे-मागे हो नाहीतर दिवसाउजेडी एफ/१६ लाव, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक कर, थोडं सॉफ्ट होईल पण पट्टे कमी होतात.