पर्सन म्हणजे व्यक्ती की इसम?

सड्यावरची (रत्नागिरी): शाळेच्या वाचनालयासाठी वकील कॉर्नेलिया सोराबजींवर फलक लिहितेय. जन्म नाशिकचा, १८६६. पुण्याचं डेक्कन कॉलेज, मग ऑक्सफर्ड, १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा. इथवर सरळ गेलं. बायकांना वकिलीची सनद का मिळत नव्हती, हे सांगताना रेजिना गुहांचा सनदेसाठीचा अर्ज येतोच. १९१६ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने तो फेटाळला. वकिलांच्या कायद्यातल्या 'पर्सन'मध्ये बाई धरता येत नाही म्हणे. मी लिहिलं, 'व्यक्ती या शब्दात स्त्रिया येत नाहीत.' मराठीच्या बाईंनी पेन्सिलीने खूण केली: व्यक्ती स्त्रीलिंगीच, 'ती व्यक्ती' म्हणतो आपण, मुलं गोंधळतील. काय लिहू?

दापोलीकर: 'इसम' लिहा. तो इसम. कोर्टाच्या मराठीत मुरलेला शब्द आहे, आणि बाईला कोणी इसम म्हणत नाही.

किनारी (मालवण): इसम म्हटल्यार माका पंचनामोच दिसता. 'अनोळखी इसम', उंची अमुक, अंगात चौकड्याचा शर्ट. शाळेतल्या पोरांका तो शब्द कित्याक?

मराठीप्रेमी: शिवाय तो अरबी. मूळ अर्थ नुसता 'नाव'. व्यक्ती हा आपला शब्द असताना उसना कशाला? सरळ 'पुरुष' लिहा.

सड्यावरची: पुरुष नाही चालणार. कायद्यात 'पुरुष' असं लिहिलेलं असतं तर रेजिना गुहांनी अर्जच कशाच्या बळावर केला असता? शब्द सगळ्यांना मोकळा होता, अर्थ लावताना दार बंद झालं. ते मुलांना दिसायला हवं. पाटण्याला सुधांशुबाला हाजरांनाही १९२१ मध्ये नकारच मिळाला. त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टाने मात्र कॉर्नेलियाबाईंना वकील म्हणून घेतलं, आणि १९२३ च्या कायद्याने हा अडसर सगळीकडचा निघाला.

दापोलीकर: मराठीप्रेमी, 'वकील'ही अरबीच. पेशव्यांचे वकील दरबारोदरबारी असायचे ते राजदूत म्हणून. तोही शब्द काढून टाकायचा का?

मराठीप्रेमी: 'विधिज्ञ' आहे की.

किनारी: विधिज्ञाकडे कोण जाता? आमी वकिलाकडेच जातो. पण फलकावर 'वकिलीण' लिहू नको हां. आमच्याकडे वकिलीण म्हणजे वकिलाची बायल.

सड्यावरची: खरंय, आमच्या आळीतल्या वकिलीणबाई कोर्टाची पायरी कधी चढल्या नव्हत्या. 'महिला वकील'ही मला पटत नाही. नुसतं 'वकील' लिहिलंय.

चिपळूणची माहेरवाशीण: वकील आहे तिथे अशीलही आला! माझे काका सांगायचे, अ-शील, शील गमावलेला, म्हणून कोर्टात आलेला.

दापोलीकर: काकांबद्दल आदर आहे, पण नाही. तोही अरबी, 'असील', म्हणजे मूळ. वकील प्रतिनिधी, अशील मूळ माणूस. जोडीचे शब्द आहेत. अशिलाला चारित्र्यहीन ठरवणं अन्याय आहे.

चिपळूणची माहेरवाशीण: तरी कोकणातले भाऊबंदकीचे दावे पाहिलेत तर काकांचं पटतं. आणि कॉर्नेलियाबाईंच्या अशील तर पडद्यातल्या बायका होत्या ना? १९०४ पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कामात त्या बंगालच्या जमीनदारणींच्या वाड्यांत जात. मालमत्ता नावावर, पण पुरुष वकिलाशी समोरासमोर बोलायची सोय नाही. या 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स'चं मराठी काय कराल?

मराठीप्रेमी: पाल्याधिकरण.

दापोलीकर: कृपा करा. 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स'च ठेवा, कंसात 'अज्ञान आणि असमर्थ वारसांची मालमत्ता सांभाळणारं सरकारी खातं'.

किनारी: मालमत्तेवरून आठवला. आमच्या आजोबांच्या खोतीच्या कागदात पणजीचा नाव असा येता: आधी तिचा, मग 'कोम', म्हणजे अमक्याची बायल, मग पणजोबाचा. खाली सहीच्या जागी बांगडी काढलेली, बाजूक कारकुनाच्या अक्षरात 'निशाणी बांगडी'. बाप्यांच्या नावाखाली नांगर. म्हणजे कागद करून देऊक बाई चालत होती, तो कोर्टात मांडूक चालत नव्हती.

सड्यावरची: त्या कागदाचा फोटो मिळेल का? फलकावर लावते. आणि हे 'कोम' कुठून आलं?

चिपळूणची माहेरवाशीण: आमच्याकडच्या कागदांत 'भ्रतार' आहे, कोम नाही.

मराठीप्रेमी: भ्रतार हा शुद्ध शब्द. भर्तृपासून.

दापोलीकर: 'बिन' (अमक्याचा मुलगा) आणि 'कोम' कोकणातच जास्त की देशावरही? सातारकडचे कोणी आहेत का इथे?